साखर तळाला, तेल फरशीवर
घरची प्रसाधनं : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण स्क्रबसाठी दाणे निवडले. आता ते दाणे धरून ठेवणाऱ्या मिश्रणाकडे वळू. साखर आणि तेल नुसतं कालवलं तरी स्क्रब होतो. पण दुसऱ्या दिवशी बरणीत साखर तळाला बसते आणि वर बोटभर तेल तरंगतं. अंगाला चोळून कितीही पाणी घ्या, तेलकटपणा जात नाही. शिवाय बाथरूमची फरशी इतकी निसरडी होते की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत पाठवायची भीती वाटावी.

या दोन तक्रारी वेगळ्या आणि त्यांचे इलाजही वेगळे. साखर खाली बसू नये म्हणून दाटपणा आणणारा पदार्थ लागतो. तेल पाण्याबरोबर निघून जावं म्हणून इमल्सिफायर लागतो. पहिल्याचं काम बरणीत, दुसऱ्याचं अंगावर पाणी पडल्यानंतर. इमल्सिफायरच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. भांड्यावरचं तूप साबणाने निघतं ते याच युक्तीने.

घरोघरी गफलत होते ती मधमाश्यांच्या मेणात. मेण घातलं की स्क्रब छान घट्ट होतो, म्हणून तेच इमल्सिफायर समजलं जातं. प्रत्यक्षात मेण एकट्याने तेल आणि पाणी एकत्र आणत नाही. जुन्या पद्धतीच्या कोल्ड क्रीममध्ये मेणासोबत टाकणखार, म्हणजे बोरॅक्स असायचा. मेणातल्या आम्लांशी त्याचा संयोग होऊन साबण तयार व्हायचा आणि खरं काम तो साबण करायचा. स्क्रबमध्ये नुसतं मेण घातलं तर बरणी सुधारते, पण अंगावरचा चिकट थर उलट वाढतो.

मग घ्यायचं काय? विल्यम ग्रिफिन यांनी 1949 मध्ये इमल्सिफायरसाठी एक मोजपट्टी मांडली. आकडा लहान तेवढा पदार्थ तेलाकडे झुकणारा, मोठा तेवढा पाण्याकडे. ग्लिसरिल मोनोस्टिअरेटचा आकडा 4 च्या आसपास आहे. तो दाटपणाला मदत करतो, पण एकट्याने तेल धुऊन काढत नाही. पॉलिसॉर्बेट 80 चा आकडा 15. तो तेल सहज धुऊन नेतो, पण स्वतः पातळ असल्याने साखर तरंगत ठेवत नाही. इमल्सिफाइंग वॅक्समध्ये मेणासारखं घट्ट सेटिअरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेटसारखा घटक एकत्र असतात. नवशिक्याने सुरुवात याच्यापासून करावी.

दाटपणासाठी सेटिल अल्कोहोल किंवा स्टिअरिक आम्ल घ्या. सेटिल अल्कोहोल 50 अंशांच्या आसपास वितळतं आणि मऊ, क्रीमसारखा पोत देतं. स्टिअरिक आम्ल 70 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात तेच बरं. खोबरेल 24-25 अंशांनाच पातळ होतं. त्याच्या घट्टपणावर विसंबलात तर थंडीत बरणी दगड आणि मे महिन्यात रस्सा. कोकणातलं कोकमाचं तेल त्या मानाने उन्हाळ्यात टिकाव धरतं.

झँथन गम मात्र इथे उपयोगाचा नाही. तो पाण्यात फुगतो, तेलात नाही. आणि पाणी घालायला जावं तर साखरच विरघळते.

100 ग्रॅम मिश्रणाचं प्रमाण असं: बदामाचं किंवा सूर्यफुलाचं तेल 72 ग्रॅम, कोकमाचं तेल 8, इमल्सिफाइंग वॅक्स 10, स्टिअरिक आम्ल 9, प्रिझर्व्हेटिव्ह 1. प्रिझर्व्हेटिव्ह सोडून बाकी सगळं गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात 75 अंशांपर्यंत वितळवा. खाली उतरवून ढवळत राहा. कोमट झाल्यावर प्रिझर्व्हेटिव्ह घाला. मिश्रण पांढरट आणि श्रीखंडाइतकं दाट झालं की मगच 150 ग्रॅम साखर मिसळा. घाई केलीत आणि पातळ असतानाच साखर ओतलीत, तर ती पुन्हा तळ गाठणार.

साखर घालण्यापूर्वी एक चाचणी जरूर करा. चमचाभर मिश्रण तळहातावर घ्या, त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि चोळा. दुधासारखं पांढरं झालं आणि पाण्याखाली धरताच निघून गेलं, तर प्रमाण जमलं. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे वेगळे घरंगळले, तर इमल्सिफायर कमी पडला. थोडं वॅक्स वाढवून पुन्हा वितळवा.

या मिश्रणात पाणी नाही, मग प्रिझर्व्हेटिव्ह कशाला, असं कोणी विचारेल. आंघोळीत ओली बोटं बरणीत जातात, हे त्याचं थोडक्यात उत्तर. व्हिटॅमिन ई घातलं की भागतं, हा समज कितपत खरा आणि कोणता प्रिझर्व्हेटिव्ह कुठे चालतो, ते पुढच्या भागात.