दवाखान्यातला दुभाषी : यंत्र की माणूस ?

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी करमाळा, माढा, इंदापूरच्या शिवारात पसरले. या पाण्याने ऊस आणला, केळी आणली. कंदर-टेंभुर्णी पट्ट्यातली केळी आज आखाती देशांत जातात. पाण्यामागोमाग माणसेही आली. केळी कापणाऱ्या टोळ्यांत, वीटभट्ट्यांवर परप्रांतीय मजूर दिसतात. बाजारात त्यांचे अडत नाही. लुंगी हवी की गमछा, हे बोटाने दाखवता येते आणि भावही बोटांवर ठरतो. आजाराचे तसे नाही. कोठे दुखते हे बोट दाखवील, पण कसे दुखते, कधीपासून दुखते, हे सांगायला भाषाच लागते.

मग दुभाषी कोण ? बहुतेक वेळा मुकादम, नाहीतर आमच्यासारखा हिंदी-उर्दू जाणणारा दुकानदार. हल्ली तिसरा उमेदवार आला आहे, तो म्हणजे मोबाईलमधले कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र. एका भाषेत बोला, दुसऱ्या भाषेत ऐका. केंद्र सरकारनेही २०२२ साली 'भाषिणी' या नावाने अशी सोय सुरू केली. आपल्या पेढीवर, कारखान्यात चार परमुलखी माणसे कामाला असतात. तेव्हा या यंत्रावर कितपत विसंबावे, याचा हिशेब व्यापारी व कारागीर बांधवांनी एकदा मांडलाच पाहिजे.

जमेची बाजू

यंत्र रात्री दोन वाजताही हजर असते, पैसे मागत नाही, कंटाळत नाही. नाव-गाव, वय, गोळी जेवणाआधी की नंतर, पुन्हा कधी यायचे, एवढे काम ते बरे करते. आणखी एक गोष्ट. बाईमाणसाला आपले दुखणे शेजारच्या पोराच्या तोंडून डॉक्टरला सांगायचा संकोच वाटतो. यंत्र गावात चर्चा करत नाही. मात्र आपले बोलणे बहुधा कोठल्या तरी दूरच्या कंपनीच्या संगणकावर जाऊन परत येते, हे ध्यानात असावे.

खर्चाची बाजू

अमेरिकेत २०२१ साली एक तपासणी प्रसिद्ध झाली. रुग्णाला घरी सोडताना द्यायच्या २० सूचना गूगलच्या यंत्राकडून सात भाषांत करून घेतल्या आणि त्या भाषा जाणणाऱ्यांना दाखवल्या. एकूण ८२.५ टक्के भाषांतरांत अर्थ शाबूत राहिला. स्पॅनिशमध्ये हे प्रमाण ९४ टक्के, तर आर्मेनियनमध्ये अवघे ५५ टक्के. वेदना झाल्यास दुखण्याची गोळी घ्यावी, या वाक्याचे आर्मेनियनमध्ये 'रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र घ्यावे' असे झाले होते ! त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली, हे मान्य. पण मुद्दा तोच राहतो. ज्या भाषेचे लिखाण भरपूर, तिथे यंत्र हुशार. जी भाषा नुसती बोलण्यात, तिथे ते चाचपडते.

आता आपल्याकडे पाहा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, पण घरात आणि दुकानात आम्ही दखनीच बोलतो. 'हौ', 'नक्को', 'कायकू' ही आमची बोली. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात उर्दू आहे, बंगाली आहे. दखनी नाही, भोजपुरी नाही, बंजारा समाजाची बोलीही नाही.

शब्दांचे सापळे वेगळेच. मराठीत 'काल' आणि 'उद्या' असे दोन शब्द आहेत, उर्दू-हिंदीत दोन्हींना 'कल'. रोगी नुसते 'गोली कल से' म्हणाला, तर गोळी कालपासून चालू आहे की उद्यापासून घ्यायची आहे ? मराठीत 'जुलाब' हा आजार, उर्दूत 'जुलाब' हे पोट साफ करायचे औषध. वडीलधारा माणूस 'जुलाब लिया' म्हणतो तेव्हा त्याने औषध घेतलेले असते. ऐकणाऱ्याने उलट समजून घेतले तर उपचारही उलटा होईल. जाणता माणूस अशा ठिकाणी थांबून विचारतो, 'चाचा, औषध घेतलं का पोट बिघडलं ?' यंत्र बहुधा विचारत नाही, अंदाज करून पुढे जाते.

बोलणे टिपून घेणाऱ्या 'व्हिस्पर' नावाच्या यंत्राची २०२४ साली संशोधकांनी तपासणी केली. सुमारे एक टक्का ठिकाणी, कोणी बोललेच नव्हते अशी वाक्ये यंत्राने पदरची घातली होती. बोलणारा जिथे अडखळून थांबतो, तिथे हे जास्त घडते. आजारी माणूस तर अडखळतच बोलणार.

माणूसही चुकतो

म्हणून माणूस बिनचूक, असेही नाही. १९८० साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात आणले. घरचे क्यूबाचे. काहीतरी खाण्यात आले असावे, अशा अर्थी त्यांनी 'इंटोक्सिकादो' हा स्पॅनिश शब्द वापरला. डॉक्टरांनी अर्थ घेतला नशेचा. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव चालू होता. तरुणाचे हातपाय कायमचे गेले. तिथे प्रशिक्षित दुभाषी कोणी नव्हता.

आमच्या पाहण्यातले सांगतो. केळीच्या टोळीतल्या एका मजुराला घेऊन मुकादम दवाखान्यात निघाला, सोबत आम्हालाही नेले. मजूर बराच वेळ बोलला. मुकादमाने डॉक्टरांना त्याचे चार शब्द केले, 'अंग दुखतंय, सुई द्या.' आम्ही मोडक्यातोडक्या बंगालीमिश्रित हिंदीत पुन्हा विचारले, तेव्हा कळले की घड उचलला की छाती आवळते. डॉक्टरांनी लगेच हृदयाची पट्टी काढायला सांगितली. मुकादम वाईट नव्हता, पण त्याला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हवा होता. ज्याचा फायदा गुंतला आहे, त्याला दुभाषी करू नये.

हुनर समजून शिकावे

अमेरिकेतच २०१२ साली प्रसिद्ध झालेली आणखी एक पाहणी आहे. घरच्या किंवा आयत्या वेळच्या दुभाष्याच्या चुकांपैकी २२ टक्के रुग्णाला अपाय करू शकतील अशा निघाल्या. पेशाने दुभाषी असलेल्यांच्या १२ टक्के, आणि त्यांच्यातही ज्यांनी १०० तासांचे शिक्षण घेतले होते त्यांच्या फक्त २ टक्के. शंभर तास म्हणजे रोज दोन तास धरले तर पन्नास दिवस. आपल्याकडे शर्टाची कॉलर नीट बसवायला शिकायलाही याहून जास्त दिवस लागतात.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे ते चिनी भाषा शिकले आणि रोग्यांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. त्या जिल्ह्यात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू घरोघर बोलल्या जातात. उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या आपल्या मुलामुलींना रुग्ण-दुभाष्याचे शिक्षण मिळाले तर तो इज्जतीचा रोजगार होईल. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत, आजाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळावी, असे स्पष्ट म्हटले आहे. हक्क कागदावर आहे, तो पोचवणारा माणूस हवा.

तोवर एवढे तरी पाळावे. गोळीची वेळ, पुढची तारीख यांसाठी यंत्र खुशाल वापरावे, पण यंत्राने सांगितलेले रोग्याकडून उलट वदवून घ्यावे. ऑपरेशनची सही, गरोदरपण, छातीचे दुखणे, औषधाची मात्रा, इथे माणूसच न्यावा आणि तो मुकादम किंवा मालक नसावा. माणूस मिळेपर्यंत यंत्र चालेल, पण उपचार खोळंबू देऊ नये. मजुराला कोणकोणत्या भाषा येतात, हे कामावर घेतानाच वहीत लिहून ठेवावे.

कापड बाजारात दलालाच्या शब्दावर गाठी उचलल्या जातात, कारण माल खोटा निघाला तर दलालाला पेढीवर बोलावून जाब विचारता येतो. यंत्राला कोणत्या पेढीवर बोलावणार ? जिथे जिवाचा सौदा आहे, तिथे शब्दाला जामीन राहणारा माणूस असलाच पाहिजे.