रंगभवनाचे दिवस, नाशिकहून पाहिलेले

मार्च १९८० मध्ये ‘द पोलिस’ नावाचा इंग्लंडमधला तीन जणांचा बँड मुंबईत आला आणि धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या मुंबईतल्या संस्थेनं मदतनिधीसाठी हा कार्यक्रम घेतला होता. गाणारा आणि बेस वाजवणारा स्टिंग, गिटारवर अँडी समर्स, ड्रम्सवर स्टुअर्ट कोपलंड. काही महिन्यांपूर्वीच त्यांचं ‘मेसेज इन अ बॉटल’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. जगाच्या त्या दौऱ्यात कैरो होतं, अथेन्स होतं आणि मधेच आपली मुंबई. पाश्चात्त्य बँड ज्या गावांकडे फिरकत नसत, तिथंच मुद्दाम जायचं असं त्यांनी ठरवलं होतं. या दौऱ्याचा पुढं माहितीपटही निघाला.

पोलिसचं संगीत त्या काळात खरोखर नवं होतं. पंक रॉकचा वेग त्यांनी घेतला आणि त्यात जमैकाचा रेगे मिसळला. रेगेमध्ये गिटारचा ठोका मात्रेवर पडत नाही, दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतो. आपल्याकडे तबलजी समेला हुलकावणी देतो तेव्हा श्रोता क्षणभर पुढं झुकतो. इथं गाणंभर तसंच झुकून राहावं लागतं. आणि हे सगळं फक्त तीन वाद्यांवर, म्हणजे सुरांपेक्षा रिकाम्या जागाच जास्त. असं संगीत मुंबईत वाजलं ते महाराष्ट्र सरकारच्या एका उघड्या नाट्यगृहात, ही गोष्ट मला अजूनही फार मोलाची वाटते.

रंगभवन म्हणजे वर आभाळ असलेलं थिएटर. एका बाजूला सेंट झेवियर्स कॉलेजच्या दगडी भिंती, जवळच गोकुळदास तेजपाल आणि कामा ही दोन जुनी रुग्णालयं, हाकेच्या अंतरावर मेट्रो सिनेमा. व्हीटीला उतरून चालत निघालं की दहा-पंधरा मिनिटांत पोचता येई. राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं इथं होत, त्यामुळे मराठी नाटकवाल्यांनाही ही जागा घरची होती. भाडं सरकारी, म्हणून परवडणारं. वातानुकूलन नाही, मखमली खुर्च्या नाहीत, उंची कपडे घालून येण्याची अपेक्षा नाही. कॉलेजातला मुलगा आणि पेडर रोडचा शेठ एकाच आभाळाखाली बसत.

शिवाय जागा होती धोबीतलावची. इथल्या जेर महालात गोव्याहून आलेल्या माणसांच्या कुडी होत्या. एकेका गावाची एकेक कूड. ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला जागा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे किती तरी गोमंतकीय अशाच कुडींतून पुढं आले. शेजारीच १८६५ पासूनचं फुर्टाडो, म्हणजे पियानोच्या स्वरलिपीपासून गिटारच्या तारांपर्यंत सगळं मिळण्याचं ठिकाण. भिंतीपलीकडे झेवियर्समध्ये १९७३ पासून इंडियन म्युझिक ग्रुप; तिथली मुलं शास्त्रीय संगीताच्या रात्र-रात्र मैफली भरवत. तेव्हा रॉक या परिसरात उपरं म्हणून आलं नाही. नवं वाद्य आणि नवा सूर ऐकून घेणारे कान तिथं आधीपासून होते.

माझ्या मते खरं वळण १९७८ चं. त्या वर्षी निरंजन झवेरींनी याच रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ हा जॅझचा महोत्सव सुरू केला. पहिल्याच यात्रेला सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनचा बादशहा आला. पुढच्या यात्रांमधून भारतीय रागदारी आणि जॅझ यांना एकत्र बसवण्याचे प्रयोग झाले. लुई बँक्स, दिनशा संजाना, बंगळूरच्या गायिका आर. ए. रमामणी ही नावं त्या प्रयोगांशी कायमची जोडली गेली आहेत. मृदंगाच्या बोलांना सॅक्सोफोननं उत्तर द्यायचं ही कल्पना आज सर्रास वाटते. तेव्हा दोन्हीकडचे कर्मठ लोक नाराज होत.

आणि त्याच १९७८ साली मराठी रंगभूमीवर थिएटर अकॅडमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ आणला. ब्रेख्टच्या नाटकाचं पुलंनी केलेलं रूपांतर, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात अंकुशची भूमिका करणारा नंदू भेंडे हा मुंबईच्या रॉक बँडमधून आलेला गायक होता. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. त्याआधी १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यानं जुडास केला होता. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक एकाच नाटकात, एकाच प्रेक्षकासमोर! मराठीत रॉक कोणी पहिल्यांदा गायलं, या वादात मला रस नाही. पण मराठी प्रेक्षकाला रॉकचा आवाज आपल्या भाषेत, आपल्या नाटकात ऐकवणारा माणूस म्हणून नंदू भेंडे यांचं ऋण मोठं आहे. २०१४ मध्ये ते गेले. मराठी वृत्तपत्रांनी तेव्हा त्यांच्यावर जेवढं लिहिलं, त्याच्या दसपट लिहायला हवं होतं.

मग आलं १९८६. फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं. पोरांच्या तोंडी फक्त ‘आय-रॉक’. स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचे दिवस, म्हणजे ऐन पावसाळा, आणि रंगभवनाला छप्पर नाही. पाऊस आला की आला. काळे टी-शर्ट अंगाला चिकटलेले, पायाखाली चिखल, मंचावर अ‍ॅम्प्लिफायरवर प्लास्टिक टाकण्याची धावपळ, आणि तरी कोणी जागचं हलत नसे. परदेशी गिटारवर भरमसाट आयातकर होता. चांगलं वाद्य मिळायचं ते बोटीवर काम करणाऱ्या कुणाकडून तरी किंवा परदेशातून येणाऱ्या मामाकडून. अ‍ॅम्प्लिफायर तर कित्येकदा लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन घरी जोडलेले. अशा सामानावर ही मुलं उभी राहत आणि हजारोंना ताब्यात ठेवत.

या मंचावरचा माझ्या लेखी सर्वांत मोठा प्रयोग आवाजाचा नव्हता, धाडसाचा होता: स्वतःचं गाणं म्हणणं. तेव्हा श्रोत्यांना हवी असत परदेशी बँडची गाणी, तीही हुबेहूब. अनोळखी गाणं सुरू झालं की आरडाओरडा होई, कधी बाटल्याही येत. १९८४ मध्ये जमलेल्या ‘रॉक मशीन’नं हे चित्र पालटलं. उदय बेनेगलचा गळा, महेश तिनईकरची गिटार. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ या त्यांच्या स्वतःच्या गाण्यांच्या कॅसेट आल्या. गाणी पाठ झाली आणि मग गर्दी तीच मागू लागली. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. आपलं गाणं, आपल्या मुलांचं, हा विश्वास त्या एका बँडनं एका पिढीला दिला.

हे सगळं आम्हा नाशिककरांपर्यंत कॅसेटींतून आणि पंचवटी एक्स्प्रेसनं पोचायचं. १९७५ पासून धावणारी पंचवटी ही नोकरदारांची, पासधारकांची गाडी. पण ऑगस्टच्या त्या दिवसांत तिच्यात चार-दोन लांब केसांची कॉलेजची पोरंही असत. सकाळी नाशिकरोडला चढायचं, एकशे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी किलोमीटर बहुधा दारात उभं राहून काढायचे, कसाऱ्याचा घाट पावसात भिजलेला बघायचा आणि व्हीटीला उतरून सरळ चालत सुटायचं. परतीची पंचवटी संध्याकाळी सुटते, तेव्हा मैफल नुकती तापत असे. म्हणून रात्र फलाटावर नाही तर कुणाच्या तरी नातेवाइकांकडे. माझी आत्या गिरगावात राहायची. भिजून चिंब होऊन दारात उभा राहिलो की ती टॉवेल हातात देऊन एवढंच विचारायची, “अरे, ऐकू येतंय ना अजून?” आणि पिठलं-भात वाढायची. त्या गाण्यांतला एक शब्द तिला कळत नव्हता, पण कुठं जातोस म्हणून तिनं मला कधी अडवलं नाही.

नव्वदच्या दशकात प्रयोग पुढं सरकला. ‘पेंटाग्राम’ या बँडनं जड रॉकपासून सुरुवात केली आणि २००२ च्या ‘अप’मध्ये ते संगणकावर घडवलेल्या ध्वनींकडे वळले. विशाल ददलानीचा आवाज आज देशाला हिंदी सिनेमामुळे माहीत आहे. रँडॉल्फ कोरिया आणि पापल माने यांचं वाजवणं मात्र तितक्या लोकांपर्यंत पोचलं नाही, याचं वाईट वाटतं. २००५ मध्ये हा बँड इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आला. दिल्लीच्या ‘परिक्रमा’नं व्हायोलिन आणि तबला रॉकमध्ये आणला. ‘इंडियन ओशन’नं २००० च्या ‘कंदिसा’ अल्बममध्ये ‘मा रेवा’ गायलं. त्यांचा बेस वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात राहिलेला, आणि ते गाणं नर्मदेचं. आपल्या नाशिक विभागाच्या उत्तर टोकाला, धडगाव-अक्कलकुव्याच्या कडेनं वाहणारी तीच नर्मदा. या गाण्यानं माझ्यासारख्या पुष्कळांना पटलं की रॉकला आपली माती वर्ज्य नाही.

आणि नेमक्या याच बहराच्या वेळी रंगभवन बंद पडलं. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. तिथं दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. रंगभवनाच्या शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं दोन्ही होती. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच इथल्या मैफली थांबल्या. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कामा हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बाईला रात्री शांतता हवीच, आणि तिचा हक्क माझ्या गिटारपेक्षा मोठा आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एक सार्वजनिक मंच काढून घेतला तेव्हा त्याच्या जागी दुसरा, रुग्णालयांपासून दूर, तेवढ्याच भाड्याचा मंच द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढं त्या जागेवर मराठी भाषा भवन उभारण्याची चर्चा झाली. शेवटी त्याचं भूमिपूजन २०२२ च्या पाडव्याला चर्नी रोडला झालं. रंगभवनाच्या वाट्याला त्यातूनही काही आलं नाही.

आय-रॉक अंधेरीकडच्या मैदानांवर गेलं आणि पुढं काही वर्षं थांबलंही. मैदान म्हणजे मंच बांधायचा, दिवे आणायचे, जनरेटर आणायचा; खर्च वाढला की प्रायोजक आला, आणि प्रायोजकाला ओळखीची गाणी हवी असतात. पुण्यात २०१० पासून एनएच-७ वीकेंडर सुरू झालं, ते चांगलंच झालं. आमच्या नाशिकमध्ये २००८ पासून गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात सुला फेस्ट भरू लागलं. २०२० नंतर खंड पडला, २०२५ मध्ये ते पुन्हा झालं. द्राक्षांच्या मांडवामागे सूर्य बुडताना तिथला उघडा मंच फार देखणा दिसतो. पण हा वाइनचा उत्सव आहे, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी आखलेला. सातपूर-अंबडच्या कामगाराच्या पोरानं गिटार शिकून तिथं पहिल्यांदा उभं राहावं, यासाठी तो नाही, आणि त्याचं तिकीट त्या पोराच्या खिशाला झेपणारंही नाही.

नाशिकला नव्याचं वावडं नाही. दरबारातलं गाणं तिकीट काढून येणाऱ्या साध्या माणसापर्यंत नेणारे विष्णु दिगंबर पलुस्कर अखेरच्या वर्षांत इथंच, पंचवटीतल्या आश्रमात राहिले. त्यांच्या काळात तोही प्रयोगच होता आणि त्याला नावं ठेवणारे होते. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात उन्हाळ्याच्या संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला भरते. येणारा जाणारा थांबतो, बसतो, ऐकतो, कुणी तिकीट विचारत नाही. उघड्या आभाळाखाली एकत्र बसून ऐकण्याची सवय या गावाच्या अंगात आहे. कालिदास कलामंदिर आणि सायखेडकर नाट्यगृह नाटकांना आणि सुगम संगीताला उपयोगी पडतात. कानठळ्या बसवणाऱ्या ड्रम्ससाठी ती नाहीत, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नको.

आज मुंबईतला ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड तुकोबांचे अभंग ड्रम्स आणि बेस गिटारवर गातो आणि विशीतली मुलं ते तोंडपाठ म्हणतात. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही अशी मुलं आहेत. गॅदरिंगला दोन गाणी वाजवतात, चार वर्षं संपली की गिटार कपाटावर जाते, कारण पुढं वाजवायला जागा नाही.

सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते, घाट, पूल यांवर मोठा पैसा खर्च होतो आहे. महापालिकेकडे माझं मागणं त्यामानानं फारच छोटं आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांपासून शंभर मीटरच्या पलीकडची एक जागा निवडावी. तिथं दगडी पायऱ्यांचं उघडं नाट्यगृह बांधावं, पक्का मंच आणि वीज द्यावी. भाडं ठरलेलं आणि विद्यार्थ्यांना परवडणारं असावं, रात्री दहाला कार्यक्रम बंद व्हावा. भजनी मंडळ, शाहीर, पथनाट्य, रॉक, सगळ्यांना ते सारखंच खुलं असावं. आणि ज्यांनी रंगभवनात पाऊस अंगावर घेतला आहे, त्या माझ्या वयाच्या नाशिककरांनी या मागणीवर आपली सही करावी.