शेवटच्या फेरीत मांड्या का भरून येतात?

तळेगाव रोही हे नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातलं पाणीटंचाईचं गाव. तिथला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्यानं होडी वल्हवत तेरावा आला. अंतर २००० मीटर, वेळ सात मिनिटांच्या आसपास. लष्करात जाण्याआधी वडिलांबरोबर विहिरी खोदणाऱ्या या गड्याचं शरीर त्या सात मिनिटांत काय करत असेल?

शर्यत सुटते तेव्हा श्वासानं वेग घेतलेलाच नसतो. पहिले आठ-दहा सेकंद स्नायू स्वतःजवळच्या क्रिएटिन फॉस्फेटवर निभावतो. मग साठवलेली साखर ऑक्सिजनविना फोडायला लागतो. हा मार्ग झटपट, पण फार उधळा. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूतून स्नायूला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे तीसेक रेणू मिळतात, इथे जेमतेम दोन. मधल्या टप्प्यात ऑक्सिजनच मुख्य भार वाहतो. शेवटच्या झपाट्याला मात्र पुन्हा हाच उधळा मार्ग लागतो. स्नायूतली आम्लता वाढते आणि मांड्या भरून येतात.

याचं खापर आपण लॅक्टिक ॲसिडवर फोडतो. ते अन्यायाचं आहे. साखर अशी फोडताना बनणारं लॅक्टेट हा कचरा नव्हे. हृदय ते जाळतं, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवतं, आणि तासा-दोन तासांत ते रक्तातून ओसरतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना होणारी ठणक स्नायूतंतूंच्या बारीक इजांची असते.

जोरकस सराव सुरू राहिला की शरीर बदलतं. आम्लता झेलण्याची स्नायूची ताकद वाढते, लॅक्टेट बाहेर नेणारी प्रथिनं वाढतात, साखरेचा साठाही वाढतो. अशा सरावाचा एकूण परिणाम जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये मोजून दाखवला. २० सेकंद जीव तोडून सायकल, १० सेकंद विसावा, अशा सात-आठ फेऱ्या. सहा आठवड्यांत ऑक्सिजनविना काम करण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम वेगानं सायकल मारणाऱ्या गटात ती वाढलीच नाही.

नाशिकच्या मैदानांवर पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी मुलं पाहिली की हे सांगावंसं वाटतं. बरीच जण रोज तेवढंच अंतर एकाच वेगानं धावतात. पोरांनो, आठवड्यातून दोन दिवस छोट्या, जोरकस फेऱ्या मारा आणि त्यांच्यामध्ये किमान दोन दिवसांचं अंतर ठेवा. हे सगळे बदल विश्रांतीतच घडतात. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.