बायोप्सी रिपोर्टमधील ‘टीटीएफ-१ पॉझिटिव्ह’ म्हणजे काय?

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये ‘टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह’ अशा ओळी दिसतात. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून बरेच नातेवाईक घाबरतात. पण इथे त्याचा अर्थ आजार वाढला किंवा पसरला असा नाही. पेशींमध्ये ठरावीक प्रथिन सापडले, एवढाच त्याचा अर्थ.

ही तपासणी कशी करतात?

या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा आयएचसी म्हणतात. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजेच ‘ब्लॉक’मध्ये बसवतात. त्याचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यांवर अँटिबॉडी टाकतात. अपेक्षित प्रथिन असेल तर अँटिबॉडी त्याला चिकटते आणि तिथे सहसा तपकिरी रंग येतो. नेहमीच्या तपासणीत पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत हे स्पष्ट होत नसेल, तेव्हा या रंगांची मोठी मदत होते.

कोणता मार्कर काय सुचवतो?

- टीटीएफ-१, नॅप्सिन-ए: अडेनोकार्सिनोमा
- पी४०, सीके५/६: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा
- सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६: स्मॉल सेल कार्सिनोमा किंवा इतर न्यूरोएंडोक्राइन गाठी

एकट्या मार्करवरून निदान होत नाही. काही अडेनोकार्सिनोमांमध्ये टीटीएफ-१ निगेटिव्ह येतो. उलट स्मॉल सेल आणि थायरॉइडच्या कॅन्सरमध्येही तो पॉझिटिव्ह असू शकतो. म्हणून पॅथॉलॉजिस्ट पेशींची ठेवण, सर्व मार्कर आणि स्कॅन यांचा एकत्रित विचार करतात.

प्रकार कळणे का महत्त्वाचे?

उपचार त्यावरच ठरतात. पेमेट्रेक्सेड हे औषध अडेनोकार्सिनोमात उपयोगी पडते, स्क्वॅमस प्रकारात त्याचा फायदा होत नाही. बेव्हॅसिझुमॅबमुळे स्क्वॅमस प्रकारात फुफ्फुसातून गंभीर रक्तस्राव होण्याचा धोका असतो. ईजीएफआर, एएलके यांसारखे जनुकीय बदल प्रामुख्याने अडेनोकार्सिनोमात आढळतात; ते सापडले तर टार्गेटेड थेरपीच्या गोळ्या देता येतात. स्मॉल सेल कॅन्सर झपाट्याने पसरतो, त्यामुळे त्याची केमोथेरपी लवकर सुरू करावी लागते.

रिपोर्टमधील पीडी-एल१ हीसुद्धा आयएचसी तपासणीच आहे. मात्र ती प्रकार ओळखण्यासाठी नसून इम्युनोथेरपीचा निर्णय घेण्यासाठी करतात.

तुम्ही काय करावे?

बायोप्सीचा तुकडा बहुतेक वेळा अगदी लहान असतो. प्रत्येक तपासणीत त्याचा थोडा भाग वापरला जातो. जनुकीय तपासणीसाठी पुरेसा नमुना उरावा म्हणून पॅथॉलॉजिस्ट मोजकेच मार्कर लावतात. ‘कमी तपासण्या केल्या’ असे समजू नका.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्या. ब्लॉक उन्हात किंवा उष्ण जागी ठेवू नका. मेण वितळू शकते. डॉक्टरांना हे तीन प्रश्न जरूर विचारा: कॅन्सरचा नेमका प्रकार कोणता? जनुकीय तपासणी लागेल का? त्यासाठी पुरेसा नमुना शिल्लक आहे का?