हातात चेंडू, तरी पळायचं नाही!

समजा, तुमच्या हातात चेंडू आला. समोर मैदान मोकळं आहे आणि पाय नुसते शिवशिवताहेत. तरी पळायचं नाही! एखादं पाऊल टाकायचं, उभं राहायचं आणि तीन सेकंदांच्या आत चेंडू दुसरीकडे फेकायचा. या खेळाचं नाव नेटबॉल. न्यूझीलंडमधल्या मुलींचा हा लाडका खेळ. पोर्शिया वुडमनही तो खेळायची, अगदी ‘नॉर्दर्न मिस्टिक्स’ या नामांकित संघातून.

पोर्शियाचा जन्म १९९१चा, न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडच्या कायकोहे गावातला. ती माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. वडील आणि काका दोघेही ‘ऑल ब्लॅक्स’, म्हणजे न्यूझीलंडच्या पुरुषांच्या रग्बी संघातले खेळाडू. घरात रग्बी आणि लेक नेटबॉलमध्ये!

मग २०१६च्या ऑलिम्पिकमध्ये ‘सेव्हन्स’ येणार असं ठरलं. सेव्हन्स म्हणजे सात-सात जणींची झटपट रग्बी. दुसऱ्या खेळांतल्या चपळ मुली हेरण्यासाठी २०१२मध्ये न्यूझीलंडने शोधमोहीम काढली, त्यात पोर्शिया सापडली.

आता जरा गणित करू. नेहमीच्या रग्बीत एका संघात पंधरा जणी असतात. सेव्हन्समध्ये सातच, पण मैदान मात्र तेवढंच! १०० मीटर लांब, ७० मीटर रुंद, म्हणजे ७,००० चौरस मीटर. भागिले सात. प्रत्येकीच्या वाट्याला १,००० चौरस मीटर, जवळजवळ दहा गुंठे जमीन! एकटीने दहा गुंठे राखायचे म्हणजे समोरची सुसाट आली की तारांबळच. सामना चौदा मिनिटांचाच असतो, पण त्यात दमछाक होते ती यामुळेच.

पोर्शियाला हे मैदान मानवलं. नेटबॉलमुळे दोन गोष्टी तिच्या अंगात मुरल्या होत्या: हवेत उडी मारून चेंडू पकडणं आणि धावता धावता एकदम थांबणं. हे थांबणं साधंसुधं नाही बरं का! समोरची तुम्हाला लोळवायला झेपावते तेव्हा तुम्ही कुठे असाल याचा अंदाज ती आधीच बांधते. एक पाय रोवून तुम्ही दिशा बदलली की अंदाज चुकतो, पण तिचं अंग मात्र पहिल्याच दिशेने जात राहतं. वेगात असलेलं वजन पटकन वळत नाही ना!

पोर्शिया पंधरा जणींची रग्बीही खेळायची. त्या रग्बीच्या २०१७च्या विश्वचषकात हाँगकाँगविरुद्धच्या एकाच सामन्यात तिने तब्बल आठ ट्राय केले. नुसती समोरच्या संघाच्या टोकाची रेषा ओलांडून ट्राय होत नाही, चेंडू पलीकडे जमिनीला टेकवावा लागतो. एका ट्रायचे पाच गुण. न्यूझीलंडने तो सामना १२१-० असा जिंकला. (बिचारं हाँगकाँग!)

आणि २०१८ साली तिची टाचेमागची शीर तुटली.

टाचेच्या मागे, थोडं वर, बोटांनी चाचपून पाहा. कडक, ताठ काहीतरी लागेल. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी ही शीर शरीरात सगळ्यात जाड आणि दणकट. धावताना तिच्यावर आपल्या वजनाच्या सहा-सात पट ताण येतो. पाय टेकला की ती ताणली जाते, उचलताना आखडते आणि आपल्याला पुढे ढकलते. ती तुटली तर धावणं सोडाच, चवड्यावर उभंही राहता येत नाही. शिवाय तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरून यायला महिनोन्महिने लागतात. पोर्शियाचं तर पुढे मांडीच्या मागच्या स्नायूचंही दुखणं निघालं.

तरी २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती सेव्हन्सचं सुवर्णपदक जिंकली! पुढच्या वर्षी पंधरा जणींच्या विश्वचषकांमधले तिचे एकूण ट्राय झाले २०. तोवर एवढे ना कुठल्या बाईचे होते, ना कुठल्या पुरुषाचे. पुरुषांमध्ये योना लोमू आणि ब्रायन हबाना हे दिग्गज प्रत्येकी १५वर थांबलेले. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मात्र डोक्याला मार बसल्याने तिला लवकरच बाहेर जावं लागलं. मैत्रिणींनी इंग्लंडला ३४-३१ असं हरवलं, ते तिने बाहेरूनच पाहिलं.

२०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आणखी एक सुवर्ण मिळवून तिने निवृत्ती घेतली. पण ती निवृत्ती टिकली किती? २०२५च्या विश्वचषकाला, चौतिसाव्या वर्षी, बाई पुन्हा संघात हजर!