‘बिहेव्ह’ म्हणजे नुसतं वागणं नव्हे

‘बिहेव्ह’ म्हणजे वागणे, एवढं पाठ करून आपण पुढे जातो. पण इंग्रज आई दंगा करणाऱ्या मुलाला नुसतं ‘बिहेव्ह!’ म्हणते, तेव्हा ती ‘वाग’ म्हणत नसते, ‘नीट वाग’ म्हणत असते. चांगुलपणा त्या शब्दातच गृहीत असतो. वाईट, उद्धट, विचित्र वागणं सांगायचं तर तसा शब्द जोडावा लागतो.

स्पेलिंगमध्ये ‘हॅव्ह’ दिसतं म्हणून बरेच जण ‘बिहॅव्ह’ म्हणतात. उच्चार तसा नाही, पण डोळ्यांना दिसतं ते खरं आहे. 15व्या शतकात ‘हॅव्ह’लाच ‘बी’ हा उपसर्ग लागून हा शब्द घडला. स्वतःला कसं ठेवायचं, कसं सावरायचं, हा त्यातला मूळ भाव. ‘बिहेव्ह युअरसेल्फ’मधलं ‘स्वतःला’ तिथूनच आलेलं आहे.

हे क्रियापद फक्त माणसांसाठी आहे, असंही नाही. 4 अंश सेल्सिअसखाली पाणी थंड होताना आकुंचन पावण्याऐवजी प्रसरण पावतं. आपण शाळेत त्याला ‘पाण्याचे असंगत आचरण’ म्हणायला शिकलो. इंग्रजीतही तिथे ‘बिहेव्ह’चंच नाम येतं.

खरी अडचण पुढे आहे. ‘तो माझ्याशी वाईट वागला’ यातल्या ‘शी’पायी आपण ‘बिहेव्ह्ड विथ मी’ लिहितो. भारतात ते सर्रास चालतं. इंग्लंड-अमेरिकेत ‘टुवर्ड्स’ म्हणतात, किंवा सरळ ‘ट्रीटेड मी बॅडली’. ही चूक किरकोळ आहे. ‘मिसबिहेव्ह्ड विथ’ मात्र मला किरकोळ वाटत नाही. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत बाईच्या अंगावर हात टाकणाऱ्यासाठीही हाच शब्द येतो. बाहेरच्या इंग्रजी वाचकाला ‘मिसबिहेव्ह’ म्हटलं की वर्गात खोडी काढणारं पोर आठवतं. गुन्हा तिथेच हलका होऊन जातो. मराठीतलं ‘गैरवर्तन’ही असंच सगळ्यावर पांघरूण घालतं.

कायदा इतका मोघम बोलत नाही. 2013च्या दुरुस्तीनं भारतीय दंड संहितेत 354अ हे कलम आलं, त्यात ‘लैंगिक छळ’ असा स्पष्ट शब्द आहे; 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच गुन्हा कलम 75मध्ये आहे. म्हणून इंग्रजीत तक्रार लिहिताना ‘मिसबिहेव्ह्ड’वर थांबू नका. त्यानं काय केलं ते लिहा: वाट अडवली, हात धरला, अश्लील बोलला.