नाव नसलेला चक कसा ओळखावा?

लाकडाच्या लेथचा जुना, बिननावाचा चक हाती आला तर आधी मागचे आटे पिच गेजने तपासावेत. अमेरिकी लेथवर बहुधा १ इंच व्यास आणि इंचाला ८ आटे, तर युरोपातील मोठ्या लेथवर ३३ मिमी व्यास आणि ३.५ मिमी पिच आढळते.

आटे लेथशी जुळले म्हणून जॉ (चकचे लाकूड पकडणारे जबडे) जुळतीलच असे नाही.

जॉ काढून स्क्रूच्या दोन भोकांमधले अंतर, स्क्रूचा आकार आणि बैठकीची खाच व्हर्निअरने मोजावी. न्यूझीलंडच्या ‘नोव्हा’चे जॉ ब्रिटिश ‘रेकॉर्ड पॉवर’च्या एससी४ चकवर बसतात, कॅनडाच्या ‘वनवे’ची रचना वेगळी.

जॉखालच्या सरकपट्ट्यांवर १ ते ४ आकडे कोरलेले असतात. त्यांचा क्रम चुकला की चारही जॉ मध्यावर एकत्र येत नाहीत.